लहानूच्या पेल्यात पाणी

पोस्टचं नाव सांगणार नाही. विचारूही नका. उत्तरेला होती, उंचावर होती आणि तिथं गवताची काडीही उगवत नव्हती, एवढं पुरे. सप्टेंबरच्या शेवटी आमची तुकडी वर चढली. अकरा माणसं. पोस्ट कमांडर नायब सुभेदार जगताप साहेब. मी रेडिओ ऑपरेटर, तेव्हा नायक होतो. घरचा कुलकर्णी, उस्मानपुऱ्यातला. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आता संभाजीनगर. पलटणीत मला पहिल्या आठवड्यात 'पंडित' म्हणायला लागले ते पेन्शनीत निघेपर्यंत पंडितच.

आमच्या जिल्ह्याची आणखी दोन माणसं तुकडीत होती. एक लान्स नायक लहानू देवकते, खुलताबादच्या पलीकडच्या डोंगरातला धनगर. दुसरा शिपाई शेख, खास खुलताबादचा. बापाचं दर्ग्याच्या रस्त्यावर फुलांचं दुकान. परमुलखात आपल्याकडचं कुत्रं दिसलं तरी माणसाला भरून येतं, मला तर दोन-दोन माणसं मिळाली होती.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे शस्त्र घेऊन आपापल्या जागी सज्ज. मग रेडिओ चेक, चहा, झोपडीवरचा बर्फ काढणं, शस्त्रांची सफाई. आणि पाणी. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, बर्फात राहणाऱ्याला पाण्याची काय वाण. मला तर एकानं विचारलं होतं, "मूठभर उचललं आणि खाल्लं, झालं की?" अहो, तसं होत नाही. बर्फ खाल्ला तर घसा जातो आणि तहान वाढते. तो वितळवावा लागतो. वितळवायला केरोसीन लागतं आणि केरोसीनचा प्रत्येक डबा कोणाच्या तरी पाठीवरून वर येतो. पातेलंभर भुसभुशीत बर्फ स्टोव्हवर ठेवला तर तळाला तांब्याभर पाणी. पोस्टजवळचा बर्फ धुरानं काळा झालेला असायचा, म्हणून चांगल्या बर्फासाठी डोंगराच्या एका धारेवरून पलीकडच्या उतारावर जावं लागे. तिथं लाल झेंडी लावलेली होती. दोघांची पार्टी, कमरेला दोरी, पाठीवर बर्फ भरायला रुंद तोंडाचे जेरीकॅन. माणशी पाणी मोजून मिळायचं. त्यातच पिणं, त्यातच दात घासणं.

संध्याकाळी रम इश्यू व्हायची. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या नकोत म्हणून साहेबांनी बाटली शेखच्या ताब्यात दिली होती. शेख दारूला शिवत नसे. त्यामुळे त्याचा हात कधी हलला नाही. कोणी लाडीगोडी लावली की तो म्हणायचा, "नाप से मिलेगी, मियाँ. सूरत देखके नहीं."

आता माझं सांगतो. आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा सोवळ्यातल्या माणसाच्या कानावर पडू नये अशी पद्धत. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कोर्टात कारकून. ज्याच्या घरी जे नसतं त्याला त्याचं कौतुक जास्त. फौजेत आल्यावर दोन वर्षांत मी त्यातला शास्त्री झालो. रमला गरम पाणी, निम्म्याला निम्मं. व्हिस्कीला गार पाणी, नाहीतर सोडा. जिनला लिंबू आणि चिमूटभर मीठ. ब्रँडीला कोमटच पाणी, उकळतं नाही. उकळत्यानं वास उडून जातो आणि हातात राहतो तो काढा. कोला पोराटोरांनी घ्यावा. हे सगळं मी कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. नाकानं कांदे सोलायची ही खोड मला तेव्हापासून आहे. डॉक्टर म्हणायचे, त्या उंचीवर रमनं ऊब येते हा नुसता भास. असेल. पण त्या भासाची आम्ही दिवसभर वाट बघायचो.

लहानूचं पिणं वेगळंच. तो फ्लास्कच्या झाकणात रम कोरी घ्यायचा. दोन घोट, तोंड वाकडं, संपलं. मग आपल्या वाट्याचं पाणी मगमध्ये घेऊन कोपऱ्यात बसायचा. तो मग दोन्ही हातांनी धरायचा आणि घोट घोट करत असा प्यायचा, जणू खरी दारू तीच. तळाशी थेंब राहिला तर अख्खा मग उलटा करून जिभेवर घ्यायचा.

एकदा न राहवून मी म्हणालो, "अरे येड्या, अशी कोरी ढोसल्यावर रमची चव काय कळणार?"

"रमची कसली चव बघायची, पंडित? चव पाण्याला असती. ते कशाला नासवायचं?"

"पाणी नासत नाही, शहाण्या. रम मऊ होते."

"रम मऊ व्हती अन् पाणी नासतं. पाणी पाण्यावाणी प्यावं."

झोपडी हसून हसून पडली. दारूत पाणी घातल्यानं पाणी बिघडतं असं म्हणणारा माणूस आम्ही पहिल्यांदा बघत होतो. साहेबांनी त्याचं नाव 'कोरा' ठेवलं. त्या दिवसापासून त्याला देवकते कोणी म्हटलं नाही. "कोरा, स्टोव्ह पेटव." "कोरा, तुझी सेंट्री." तोही 'कोरा'ला ओ द्यायला लागला.

गावाकडचं तो थोडकंच बोलायचा. माय, बाप, वीस-पंचवीस मेंढरं. उन्हाळ्यात माय ओढ्यातल्या झऱ्यावर बसून वाटी वाटीनं हंडा भरते, एका हंड्याला सकाळ जाते, हे त्यानं एकदा सांगितलं होतं. आम्ही ऐकलं आणि पत्ते पिसले.

मार्चमध्ये पलटणीचा रेझिंग डे, म्हणजे स्थापनेचा दिवस होता. दोन दिवस आधी हेलिकॉप्टर आलं, त्यातून सी.ओ. साहेबांनी पोस्टला एक बाटली ब्रँडी पाठवली. त्या सकाळी आभाळ साफ होतं. जगताप साहेबांनी फॉल-इन घेतला आणि सांगितलं, "आज बडाखाना. पुऱ्या, हलवा. आणि ब्रँडी, पंडित सांगतो तशी, कोमट पाण्यात. पाणी एक कॅन ज्यादा आणा."

पाण्याची ड्युटी लहानू आणि शेखची होती. दहाच्या सुमाराला ते पहिली खेप घेऊन आले. स्वयंपाकाचं, पिण्याचं भरून झालं. लहानू ज्यादाचा कॅन उचलायला झोपडीत आला तेव्हा मी सेटवर होतो.

"दारूसाठी पाणी!" तो म्हणाला. "मायला कळलं ना पंडित, चपलानं मारील. तुला नाय, मला."

हसत गेला. अर्ध्या तासानं पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज आला. फार मोठा नाही. मग शेखची आरोळी. बाहेर आलो तर शेख धारेवर गुडघ्यावर बसलेला आणि तुटलेली दोरी त्याच्या हातात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. पलीकडचा उतार झेंडीसकट खाली गेला होता. साहेबांनी माझ्याकडे बघून फक्त सेटकडे बोट केलं.

"चार्ली फॉर अल्फा. अर्जंट. ओव्हर."

"अल्फा, सेंड. ओव्हर."

"ॲव्हलांच. वन पर्सोनेल मिसिंग. सर्च ऑन. ओव्हर."

"नंबर, रँक, नेम. ओव्हर."

मी सांगितलं.

"नेम रिपीट. ओव्हर."

मी आडनावाचं एकेक अक्षर सांगितलं. आवाज ठीक होता. ट्रेनिंगच तसं असतं.

फावडी, सळया, हात, जे होतं त्यानं खणलं. उजेड असेपर्यंत खणायचं, उजेड झाला की पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. कॅन पाठीला पट्ट्यानं बांधलेला तसाच होता. काठोकाठ बर्फ दाबून भरलेला, झाकण गच्च लावलेलं. साहेबांनी स्वतः तो पट्टा सोडला.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. संध्याकाळी साहेब म्हणाले, "शेख, ब्रँडी काढ. पहिला पेग कोराचा." शेखनं माप घेतलं. मी पाणी कोमट केलं. निम्मी ब्रँडी, निम्मं पाणी, चांगली ढवळून लहानूच्या मगात भरली. साहेबांनी ती बर्फावर ओतली. आम्ही सावधानमध्ये उभं राहून सॅल्यूट केला. मग आम्ही प्यायलो. मला वाटलं, आपण त्याला शोभेसा निरोप दिला.

घरी कळवलं गेलं की ड्युटीवर असताना हिमस्खलन झालं. त्यात खोटं काही नव्हतं.

पुढं मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. वाळूजला एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी धरली. उस्मानपुऱ्याचं घर भावंडांत गेलं, मी बीड बायपासपलीकडे फ्लॅट घेतला. काल जिथं ज्वारी होती तिथं आज पाच मजले, असा तो काळ. छावणीतल्या कँटीनचं कार्ड असल्यानं सोसायटीत माझा भाव वधारला. चीनच्या सीमेवर काय केलं हे कोणी विचारलं नाही, "फौजीकाका, रम आली का?" हे रोज विचारलं. शनिवारी गच्चीवर चार-पाच जण जमायचे आणि माझं प्रवचन चालायचं. ब्रँडीला कोमट, व्हिस्कीला गार. कोला घालून रम नासवू नका. ऐकणारे माना डोलवायचे, कारण बाटली माझी असायची.

मार्चमधला तो दिवस मात्र आम्ही तिघांनी कधी चुकवला नाही. जगताप साहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि पडेगावात राहायला आले. शेख खुलताबादला दुकानात बसायला लागला. मी साहेबांना गाडीत घ्यायचो, दौलताबादचा घाट चढून शेखला घ्यायचो आणि लहानूच्या गावी जायचो. गावानं त्याच्या घरासमोर छोटा चौथरा बांधला होता, वर काचेत फोटो. घरी त्याची माय एकटी. गंगामाय. बाप लहानूच्या मागोमाग गेला होता. पहिल्या वर्षी ती आमच्याशी बोलली नाही. दुसऱ्या वर्षी तिनं भाकरी टाकल्या. नंतर ती आमची वाट बघायला लागली. लहानूचा मग त्याच्या सामानाबरोबर घरी आला होता. मी त्यात ब्रँडी आणि कोमट पाणी ढवळायचो, साहेब चौथऱ्यापाशी ओतायचे, सॅल्यूट व्हायचा. माय दारात बसून बघायची. कधी काही म्हणाली नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. एक पाऊस गेला, दुसरा गेला. आमच्या सोसायटीची बोअर आटली. टँकरचा हॉर्न वाजला की लोक लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळायचे. पाण्यावरून सेक्रेटरीची आणि तिसऱ्या मजल्याची हातघाई झाली. मीही हातात दोन बादल्या घेऊन रांगेत उभं राहून सरकारला शिव्या घातल्या. आम्हाला वाटायचं, दुष्काळ दुष्काळ म्हणतात तो हाच.

त्या मार्चमध्ये आम्ही निघालो तेव्हा ऊन मे महिन्याचं होतं. गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, त्या घाटातच संपल्या. डिकीत ब्रँडी, शेखच्या घरची बिर्याणी आणि सोड्याच्या सहा बाटल्या. रस्त्यात जागोजागी घागरींच्या रांगा दिसल्या. "काय दिवस आलेत," साहेब म्हणाले. "खरंय साहेब," मी म्हणालो आणि एसी वाढवला.

माय वाळली होती. मेंढरं दिसेनात. विचारलं तर म्हणाली, "इकली. चारा नाय, पाणी नाय. एक ठिवली, लहानूच्या वक्ताच्या मेंढीच्या पोटची. चार दिस झाले येली." दारातल्या खुंट्याला ती मेंढी बांधलेली होती, तिच्याखाली लटपटतं कोकरू. मायनं आम्हाला प्यायला पाणी दिलं. तिघांत एक तांब्या. दरवर्षी प्रत्येकाला वेगळा तांब्या यायचा, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

बिर्याणी सोडली, ब्रँडी काढली. मी म्हणालो, "माय, थोडं कोमट पाणी मिळेल का?"

शेख म्हणाला, "पंडित, डिकी में सोडा रखा है ना. काय कू माय कू तकलीफ?"

"ब्रँडीला सोडा? अरे शेख, इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हेच शिकलास?"

माय जागेवर थांबली. "किती लागंल?"

"पातेलंभर बस."

ती आत गेली. चूल फुंकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पातेलं घेऊन आली, पदरानं धरलेलं, काठापर्यंत भरलेलं. मी बोट बुडवून बघितलं. बेताचं कोमट होतं. "वा, माय. असं पाहिजे," मी म्हणालो. पेल्यांना धूळ होती म्हणून मी त्यात थोडं थोडं पाणी घालून विसळले आणि ते अंगणात भिरकावलं. मेंढीनं दोरी ताणली आणि ओली झालेली माती चाटायला लागली. मला त्याचं हसू आलं. हो, हसलो मी. लपवून काय करू?

साहेबांचा आणि माझा पेला भरला, शेवटी लहानूचा मग घेतला. शेखनं माप घातलं. मी पाणी घातलं, ढवळलं. साहेब चौथऱ्यापुढे गेले. "सावधान," ते म्हणाले आणि हातातला मग कलता केला.

"दारू सांडा बाबांनो," माय मागून म्हणाली. "पाणी नका सांडू."

साहेबांचा हात तसाच राहिला. अर्धं सांडलं होतं.

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. साहेब वळले. "माय, घरात पाणी किती आहे?"

"व्हतं ते हेच. परवा यील टँकर. आला तं."

"मग सांगितलं का नाही?"

"पाव्हण्याला पाणी नाय म्हणू? लहानूच्या माणसाला?"

माय पुढं आली आणि साहेबांच्या हातातला मग बघितला. "अन् त्यो पाणी घालून कवा पेत व्हता? रजेवर आला की बापल्योक बसायचे. दोघंबी कोरी प्यायचे. पाण्याचा तांब्या म्या शेजारी ठिवायची. दारूत पाणी घातलं तं चपलानं मारीन म्हणायची." मग तिनं आमच्याकडे एकेक करून बघितलं. "इतकी सालं म्या म्हणलं, फौजेत गेल्यावर सवय बदलली आसंल. तुमी संगं ऱ्हायलेले. तुमाला ठावं आसंल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्याला हाक मारायचो ती त्याच सवयीवरून. एका झोपडीत सहा महिने, रोज संध्याकाळी, माझ्यासमोर दोन हातांच्या अंतरावर, पाण्याचा मग दोन्ही हातांनी धरून बसलेला माणूस. आणि तो गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून दरवर्षी मी त्याच्या मगात पाणी ढवळत होतो, माझ्या चवीनं. त्याला काय आवडायचं हे मला एकदाही आठवलं नाही, कारण मला मी काय सांगतो तेच आठवत होतं. मला माझी लाज वाटली. आजही वाटते, हे लिहिताना कान गरम झालेत.

शेख खाली मान घालून म्हणाला, "मेरे कू याद आना था, माय. नाप मेरे हाथ में था."

साहेब तसेच सावधानमध्ये उभे होते. ते म्हणाले, "माय, एक सांगायचं राहिलंय. तो पाणी आणायला गेला होता."

"पाणी?"

"पाणी. स्वयंपाकाचं भरून झालं होतं. दुसऱ्यांदा गेला ते आमच्या ब्रँडीत घालायला. हुकूम माझा होता."

"आणि कोमट पाण्याची हौस माझी," मी म्हणालो.

माय चौथऱ्याच्या कडेला बसली. फोटोच्या काचेवर धूळ होती, ती तिनं तळहातानं पुसली. आता ही आपल्याला हाकलून देणार, असं मला वाटलं आणि द्यावंच असंही वाटलं. मग तिनं विचारलं, "डबा भरला व्हता का त्यानं?"

"होय, माय," साहेब म्हणाले. "काठोकाठ. मी स्वतः त्याच्या पाठीवरून सोडला."

"सांडला नव्हता?"

"थेंबसुद्धा नाही. झाकण गच्च लावलेलं होतं."

तिनं पदर तोंडात धरला. रडली ती तेवढीच. मग उठली, पातेल्यात जे पाणी उरलं होतं ते उचललं आणि मेंढीपुढे ठेवलं. मेंढी पातेल्यात तोंड घालून प्यायला लागली आणि कोकरू तिच्या पोटाखाली धडपडत होतं. आम्ही आमच्या पेल्यांतली ब्रँडी बाटलीत परत ओतू शकत नव्हतो, पिऊही शकत नव्हतो. ती शेवटी तशीच गाडीत नेली.

शेखच्या घरी गेलो. त्याच्याकडंही टँकरचंच पाणी. त्याच्या बायकोनं काही न विचारता टाकीचं झाकण काढून दिलं. चार कॅन भरले, झाकणं लावली. साहेबांनी एकेक झाकण पुन्हा हातानं आवळून बघितलं. घाटवळणांवर मी गाडी इतकी हळू चालवली की मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मायच्या दारात कॅन उतरवले तेव्हा ऊन कलत होतं. तिनं हंडा भरून घेतला आणि पहिला तांब्या आमच्याच पुढं धरला.

"घ्या. लई फिरला."

साहेब नको म्हणाले. ती म्हणाली, "नको नका म्हणू. पाण्याला नको म्हणू नाय." आम्ही प्यायलो. तिघांनी एका तांब्यातून, शेवटच्या थेंबापर्यंत. निघताना ती म्हणाली, "फुडल्या साली या. पाणी घेऊन या."

गच्चीवरचं प्रवचन मी बंद केलं. कोणी विचारलं तर सांगतो, कशातही घ्या बाबांनो, आधी एक पेला पाणी प्या. लोक म्हणतात फौजीकाका म्हातारे झाले. मी आता एकच घेतो आणि कोरीच घेतो. चव मुळीच चांगली लागत नाही.

आम्ही अजूनही मार्चमध्ये जातो. पुढं पाऊस झाला, दुष्काळ हटला, गावाला नळ आले. तरी गाडीत कॅन असतातच. जगताप साहेब गेल्या वर्षी वारले, आता शेख आणि मीच. शेख अजून नापानंच ओततो. चौथऱ्यावर ब्रँडी सांडतो ती कोरी. शेजारी पाण्याचा तांब्या असतो, वर फुलपात्र झाकलेलं. लान्स नायक लहानू देवकते, पलटणीत नाव कोरा, त्याच्या वाट्याचं पाणी. त्याला आम्ही दोघं हात लावत नाही. सॅल्यूट झाला की माय पुढे येते, चौथऱ्यावर बसते आणि तो तांब्या तोंडाला लावते. दोन्ही हातांनी धरून, घोट घोट करत, अगदी त्याच्यासारखं. शेवटी तांब्या उलटा करून थेंब जिभेवर घेते. तेवढा वेळ आम्ही सावधानमध्ये उभे असतो. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला अजून झालेली नाही. मी तिच्या हातांकडे बघतो.